पळस्पे ते इंदापूर : चिखल, चार नद्या आणि सातबारा

मुंबई-गोवा महामार्गावरच्या लेखांची संख्या आता त्या महामार्गावरच्या खड्ड्यांशी स्पर्धा करू लागली आहे. त्यात आणखी एकाची भर घालण्याचे कारण एवढेच, की या लेखांतून मंत्री भेटतात, ठेकेदार भेटतात, नव्या-नव्या तारखा भेटतात. पण ज्या जमिनीवर हा रस्ता टाकायचा आहे ती जमीन फारशी भेटत नाही. मी अभियंता नाही. पेणला राहतो, आणि बरीच वर्षे जुनी गॅझेटियरे, निविदांच्या जाहिराती, भूसंपादनाच्या अधिसूचना आणि सातबाऱ्याचे उतारे जमवत आलो आहे. त्या कागदांतून आणि या पट्ट्यात पायी फिरून जे समजले ते इथे मांडतो.

आधी रस्त्याची ओळख. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १७ हा २०१०च्या फेरक्रमांकनानंतर ६६ झाला आणि पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यापासून थेट कन्याकुमारीपर्यंत गेला. महाराष्ट्रातल्या त्याच्या चौपदरीकरणाचे दोन भाग पडतात. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा पहिला भाग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, आणि इंदापूरपासून सिंधुदुर्गातल्या झारापपर्यंतचा दुसरा भाग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. पहिल्या भागाचे काम २०११ साली सुरू झाले. म्हणजे सर्वांत आधी सुरू झालेला, मुंबईला सर्वांत जवळचा आणि घाट नसलेला हा तुकडा. कशेडीचा डोंगर पोखरून सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा झाला, २०२३च्या गणपतीला त्याची एक बाजू हलक्या वाहनांना उघडली. आणि आमचा सपाट रस्ता मात्र तेव्हा ‘गणपतीपूर्वी निदान एक मार्गिका’ या आश्वासनावर होता. डोंगर सोपा आणि सपाटी अवघड असे का झाले, हा माझा प्रश्न आहे.

सपाटी म्हणतो ती खरे तर पाण्याची जागा आहे. पळस्प्याहून निघाले की कर्नाळ्याची खिंड उतरताच खारपाड्याला पाताळगंगा, पेणला भोगावती, नागोठण्याच्या परिसरात अंबा आणि कोलाडला कुंडलिका अशा चार नद्या हा रस्ता ओलांडतो. चारही नद्या सह्याद्रीच्या बाजूने येऊन खाडीला मिळतात, आणि पहिल्या तिघींच्या बाबतीत भरतीचे पाणी पार रस्त्याच्या आसपास येते. खारपाडा हे नावच बोलके आहे. या भागात शतकानुशतके वाहतूक पाण्यानेच झाली. नागोठणे हे बंदर होते. एकोणिसाव्या शतकात मुंबईचा साहेब महाबळेश्वरला जायचा तो पाण्याने नागोठण्यापर्यंत आणि तिथून जमिनीने महाड-पोलादपूरमार्गे. कोलाबा गॅझेटियरच्या १८८३च्या खंडात नागोठण्याचे महत्त्व बंदर म्हणूनच आहे. आज नागोठण्याच्या तरुणाला ‘तुमचं गाव बंदर होतं’ म्हटले तर तो रिलायन्सच्या कारखान्याकडे बोट दाखवतो.

याच नागोठण्याजवळ अंबा नदीवर एक जुना दगडी पूल आहे. चौलच्या काझी अलाउद्दीनने तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामशाहीच्या काळात, बांधल्याची नोंद गॅझेटियरने परंपरेच्या आधारे दिली आहे. अरुंद, कमानींचा, माणसे, घोडी आणि पालख्या जाव्यात एवढ्याच मापाचा. जागा कशी निवडली आहे ते पाहण्यासारखे आहे. जिथे भरतीचा जोर संपत येतो, पण नदी अजून आवाक्यात आहे, तिथे तो उभा आहे. त्याच्या खाली, खाडीच्या बाजूला पूल बांधायचा विचारही त्या काळी कुणी केला नसावा. नव्या महामार्गाला ही निवड करता आली नाही. त्याला सरळ जायचे होते.

पाण्याचा प्रवास सुखाचा होता असे मात्र कुणी समजू नये. १७ जुलै १९४७ रोजी, गटारीच्या अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. बहुतेक सगळी याच जिल्ह्यातली. पावसाळ्यात बोटी बंद आणि रस्ता बेभरवशाचा, अशा अवस्थेत अलिबाग-पेण-रोह्याच्या माणसांनी पिढ्या काढल्या. खाडीवर पूल हवा ही मागणी इथे चैनीची नव्हती. बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्गाची कल्पना पुढे आली, तिच्या मागे ही पार्श्वभूमी होती. रेवस-करंजा पुलाची गोष्ट आमच्याकडे आजोबांनी नातवाला सांगावी इतकी जुनी आहे.

आता चिखल. पेण, वडखळ, गडब या पट्ट्यातली जमीन म्हणजे खाडीने हजारो वर्षांत आणून टाकलेला बारीक गाळ. तिच्यावर शेतकऱ्यांनी बाहेरचे बांध घालून, उघाड्या बसवून, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन भाताची खाचरे केली. हीच खारबंदिस्ती. ओहोटीला उघाडी उघडते, गोडे पाणी बाहेर जाते. भरतीला तिची झडप मिटते, खारे पाणी अडते. वरून ही जमीन मार्च-एप्रिलमध्ये दगडासारखी टणक दिसते, तिला भेगा पडतात. पण हातभर खणले की खाली ओला, निळसर-काळा गाळ लागतो आणि तो कित्येक मीटर खोल असतो.

अशा गाळावर भराव टाकला की काय होते? गाळाचे कण आणि त्यांच्यामधले पाणी असे मिळून वजन पेलत असते. पाणी दाबले जात नाही, ते फक्त बाहेर निसटू शकते. आणि या गाळाची छिद्रे इतकी बारीक, की निसटायला वर्षे लागतात. जितके पाणी निघेल तितका गाळ दबतो आणि तितका वरचा रस्ता खाली बसतो. कार्ल टेर्झागी या अभियंत्याने १९२५ साली या बसण्याचे गणित मांडले. त्यातला एक निष्कर्ष सामान्य माणसालाही समजण्यासारखा आहे. पाण्याला बाहेर पडायला जितके अंतर कापावे लागते, त्याच्या वर्गाच्या पटीत वेळ लागतो. अंतर दहापट तर वेळ शंभरपट. एक मीटरला जे सहा महिन्यांत होईल त्याला दहा मीटरला पन्नास वर्षे.

यावर उपाय आहे आणि तो नवा नाही. गाळात ठरावीक अंतरावर उभ्या पट्ट्या किंवा वाळूचे खांब रोवायचे, म्हणजे पाण्याला वरपर्यंत जाण्याऐवजी शेजारच्या पट्टीपर्यंतच जावे लागते. अंतर मीटरभरावर आले की पन्नास वर्षांचे काम काही महिन्यांवर येते. वरून जास्तीचा भराव टाकून जमीन आधीच दाबून घ्यायची, ती पुरेशी बसली की जास्तीचा भराव काढायचा, मग रस्ता करायचा. या सगळ्यात एकच वस्तू फुकट मिळत नाही, ती म्हणजे वाट पाहण्याचा काळ. ज्या ठेकेदाराचे बिल भराव टाकल्यावर निघते, बसण्याची वाट पाहिल्यावर निघत नाही, त्याला वाट पाहायला लावायची तर करारात तशी सोय लागते.

याच गणिताचा दुसरा परिणाम प्रत्येक प्रवाशाच्या पाठीला माहीत आहे. पूल उभा असतो तो गाळ भेदून खालच्या खडकापर्यंत नेलेल्या खांबांवर. तो बसत नाही. पुलाला जोडणारा भराव गाळावर असतो, तो बसतो. म्हणून पूल सुरू होताना आणि संपताना गाडी आदळते. खारपाड्याच्या आणि वडखळच्या बाजूला ज्यांनी एसटीतून मागच्या बाकावर प्रवास केला आहे, त्यांना टेर्झागीचे समीकरण कंबरेने पाठ आहे. तिथे डांबराचा थर घालून उंची सारखी करतात, भरावावर वजन वाढते, तो आणखी बसतो. डांबराऐवजी काँक्रीट केल्याने खड्डे कमी होतात हे खरे. पण खालचा गाळ बसायचा राहिला असेल तर काँक्रीटच्या फरशा वाकत नाहीत, तडकतात.

आणखी एक गोष्ट निविदेत एका ओळीत येते आणि गावात पिढीभर पुरते. ती म्हणजे मोऱ्या. खारजमिनीतून आडवा गेलेला भराव हा एक बांधच असतो. डोंगराकडून येणारे पावसाचे पाणी त्याच्या पूर्वेला अडते. पेण-रोह्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा भाग जुलै-ऑगस्टमध्ये. पाऊस, उधाणाची भरती आणि अपुऱ्या मोऱ्या एका दिवशी जुळून आल्या की पाणी घरात येते. जुना दुपदरी रस्ता बुटका होता, पाणी त्याच्यावरून जाई आणि वाहतूक थांबे. नवा उंच आहे; वाहतूक थांबत नाही, पाणी थांबते. याची नुकसानभरपाई कुठल्या रकान्यात मागायची, हे मला अनेक शेतकऱ्यांनी विचारले आहे.

पुलांकडे येतो. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल गेला, तेव्हा या रस्त्याची ओळख देशाला झाली. पूल १९२८चा, दगडी कमानींचा. शेजारी नवा पूल होता. जुन्यावरून मुंबईकडे येणारी वाहतूक चालू होती. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली अशा दोन एसटी आणि एक खाजगी गाडी नदीत गेली. चाळीसच्या आसपास माणसे गेली, काहींचे देह अखेरपर्यंत मिळाले नाहीत. शेजारच्या गॅरेजमधल्या कामगाराने गाड्यांचे दिवे पुढे जाऊन नाहीसे होताना पाहिले आणि आरडाओरडा करून मागची वाहतूक थांबवली. तो जागा नसता तर आकडा कुठे गेला असता, याचा विचार न केलेला बरा.

दगडी कमान ही फार शहाणी रचना आहे. तिच्यात लोखंड नाही, गंजण्यासारखे काही नाही. प्रत्येक दगड शेजारच्याला दाबून धरतो आणि सगळे वजन दोन पायांकडे जाते. पाय जागेवर असेपर्यंत कमान शंभर वर्षे, तीनशे वर्षे उभी राहते. नागोठण्याचा पूल म्हणून टिकला. पण कमानींच्या रांगेत प्रत्येक खांब दोन्ही बाजूंच्या कमानींचा रेटा तोलत असतो. एक खांब गेला की त्याच्या दोन्ही कमानी जातात, आणि त्या गेल्या की पुढच्या खांबावरचा तोल बिघडतो. त्यामुळे असा पूल हळूहळू वाकून इशारा देत नाही. पुराचे पाणी खांबाच्या बुडाशी भोवरे करून तळ खरवडते, आणि नदीतून वाळू उपसून पात्र आधीच खोल केलेले असेल तर ते काम अधिक लवकर होते. हे सगळे पाण्याखाली घडते. पुलावर उभे राहून कठडे, रंग आणि पृष्ठभाग पाहणाऱ्याला त्यातले काही दिसत नाही. पुलाची तपासणी म्हणजे त्याच्या पायाची तपासणी, आणि ती नदी आटलेली असताना पात्रात उतरूनच होते.

सावित्रीवर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७मध्ये वाहतुकीला खुला झाला. याचे कौतुक झाले, ते योग्यच होते. पण याच महामार्गावर, त्याच पावसाच्या प्रदेशात, एक मोठा पूल साडेपाच महिन्यांत होतो, तर चौऱ्याऐंशी किलोमीटरला चौदा वर्षे का लागतात? तिथे जागा सरकारची होती, पैसा एका ठिकाणी मंजूर होता, निर्णय घेणारा एक होता आणि सगळ्यांचे लक्ष होते. यांतली एकही गोष्ट आमच्याकडे नव्हती. आणि घाईलाही मर्यादा आहे. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर याच महामार्गाचा बांधकामाधीन उड्डाणपूल कोसळला. सुदैवाने त्यात जीव गेला नाही.

आमच्या तुकड्याचा करार ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीचा होता. ठेकेदाराने बँकांकडून कर्ज काढायचे, रस्ता बांधायचा आणि पुढे टोलमधून फेडायचे. यात पहिली अट ही की काम वेळेत व्हावे, कारण टोल सुरू होईपर्यंत व्याज चढत राहते. काम रखडले की बँका हप्ता रोखतात, हप्ता नाही म्हणून काम आणखी रखडते. हे चक्र एकदा सुरू झाले की आतून थांबत नाही. शेवटी प्राधिकरणाने हा तुकडाच मोडून पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर अशी दोन स्वतंत्र कामे केली. दरम्यान नकाशावर अर्धवट खांब, वळणे आणि ‘काम चालू आहे, सावकाश जा’ एवढेच उरले होते. मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाल्या, सरकारने तारखा दिल्या, तारखा उलटल्या. त्याआधी रायगडच्या पत्रकारांनी चौपदरीकरणासाठी रस्त्यावर उतरून केलेले आंदोलन लोक विसरले आहेत. या कामाची सुरुवात व्हायलाही तो रेटा लागला होता.

काम वेळेत न होण्याचे मूळ कारण दोन कागदांत आहे. एक कर्नाळ्याचा. रस्ता पक्षी अभयारण्यातून जातो, आणि तिथली रुंदी वाढवण्याच्या परवानग्या हातात येण्याआधीच काम दिले गेले होते. दुसरा कागद सातबाऱ्याचा. पेण-रोह्याच्या सातबाऱ्यावर दहा गुंठ्यांना तीस-तीस नावे मी पाहिली आहेत. आजोबा वारले, नोंद झाली नाही, बहिणी सासरी, दोघे भाऊ परळ-लालबागला गिरणीत गेले, त्यांची मुले डोंबिवलीत, एकाचा पत्ता नाही. त्यात कुळाची नोंद वेगळी आणि वहिवाट वेगळी. १९४९च्या कायद्याने खोती गेली तरी तिच्या कागदांतल्या गाठी अजून सुटतात. मोबदला द्यायचा कुणाला हे ठरत नाही तोवर तो पडून राहतो, आणि ताबा मिळत नाही तोवर शंभर मीटरसाठी दोन किलोमीटरचे काम अडते. शिवाय भूसंपादनाचा २०१३चा कायदा मोबदल्याबाबत राष्ट्रीय महामार्गांना १ जानेवारी २०१५पासून लागू झाला. आधी ज्यांची जमीन गेली आणि नंतर ज्यांची गेली, त्यांच्या बांधाला बांध असूनही दरात फरक पडला. रागाला आणखी काय कारण हवे?

पेणला तर ही जखम ताजी होती. २१ सप्टेंबर २००८ रोजी महामुंबई सेझच्या प्रश्नावर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांत शासनाने शेतकऱ्यांचे मत घेतले होते. तो लढा शेतकऱ्यांनी निभावला, सेझ गेला. नंतर तीनच वर्षांत त्याच तालुक्यात दुसरी मोजणी सुरू झाली, तेव्हा मोजणीवाल्याकडे लोकांनी कोणत्या नजरेने पाहिले असेल याची कल्पना कुणालाही करता येईल.

रेल्वेचे उदाहरण द्यायचा मोह टाळता येत नाही. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते. महामंडळ जुलै १९९०मध्ये स्थापन झाले, २६ जानेवारी १९९८ला ७४१ किलोमीटरचा मार्ग पूर्णपणे सुरू झाला. ई. श्रीधरन यांचे नाव सगळे घेतात, पण मला त्या महामंडळाची घडण अधिक महत्त्वाची वाटते. रेल्वे ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६ अशी भागीदारी होती. जमीन मिळवून देणे ही ज्या राज्याची जबाबदारी, तेच राज्य भागधारक होते. उशीर झाला तर त्याचाही पैसा अडकणार होता. पैसा कर्जरोख्यांतून आला तो महामंडळाच्या नावावर, प्रत्येक ठेकेदाराच्या पतीवर नव्हे. महामार्गात जमीन मिळवणारा एक, पैसा उभा करणारा दुसरा, परवानगी देणारा तिसरा आणि शिव्या खाणारा चौथा. तुलना पूर्ण न्याय्य नाही, हेही सांगतो. रेल्वेला चालू वाहतूक सांभाळत काम करायचे नव्हते. इथे आठ महिन्यांच्या कोरड्या हंगामातून शिमगा आणि मेची सुट्टी वजा करावी लागते, आणि पाऊस सरता सरता गणपती येतात, तेव्हा तर अवजड वाहनांनाच बंदी असते.

रोह्याचे दुखणे आणखी वेगळे आहे. रोहा शहर महामार्गावर नाहीच, ते कोलाडपासून दहा-बारा किलोमीटर आत आहे. रोहा-अष्टमी ही जोडगावे कुंडलिकेच्या दोन तीरांवर पुलाने बांधलेली. पण पुईजवळच्या म्हैसदऱ्याच्या पुलावर गर्डर चढवायचे असले, की महामार्ग काही तास बंद होतो आणि वाहतूक वाकण फाट्यावरून भिसे खिंडीतून रोह्यात उतरते. चौदा वर्षांच्या कामात रोह्याच्या वाट्याला महामार्ग येतो तो असा, वळवलेला. एरवी ज्या रस्त्याने शाळकरी मुले सायकलवर जातात, त्यावर ट्रेलर उभे असतात. आणि इकडे हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून गणेशमूर्ती भरलेले टेम्पो वडखळच्या दिशेने निघाले की मूर्तिकार चालकाला पत्त्याच्या आधी ‘पुलाच्या तोंडाशी हळू घे’ हे सांगतो. शाडूच्या मूर्तीचा हात मोडायला एक धक्का पुरतो.

वडखळला बाहेरून वळण रस्ता झाला आणि तिथला तासनतासांचा खोळंबा सरला. नाक्यावरच्या वडापाववाल्यांचा धंदाही बरोबरच सरला. इंदापूर आणि माणगावचे वळण रस्ते मात्र यंदाच्या गणपतीतही पुरे झाले नव्हते.

हे सगळे जुने उगाळत बसण्याचे कारण पुढे आहे. १२ जानेवारी २०२४ला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू उघडला आणि मुंबई एकदम खारपाड्याच्या उंबऱ्याशी आली. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांचे नवे नगर अधिसूचित झाले; ‘तिसरी मुंबई’ म्हणतात ते हेच. विरार-अलिबाग बहुउद्देशीय मार्गिकेचा पहिला टप्पा वसईजवळच्या नवघरपासून निघतो आणि पेण तालुक्यात बलवलीला येऊन संपतो. म्हणजे त्याच गाळावर, त्याच खाचरांतून आणखी भराव येणार आहेत. मोजणीची नोटीस हातात पडली की गावांनी सुनावणीत चार गोष्टी लेखी मागाव्यात असे मी आता सगळ्यांना सांगतो : गाळाची खोली दाखवणाऱ्या बोअरचे अहवाल, भराव बसण्याचा अंदाज आणि त्यासाठी करारात धरलेला काळ, उधाणाची भरती आणि अतिवृष्टी एकत्र धरून काढलेली मोऱ्यांची मापे, आणि कुठल्या उघाडीचे पाणी कुठे वळणार याचा नकाशा. मोबदल्याच्या दराची चर्चा लोक करतातच. हे चार कागद मात्र भराव पडण्याआधीच मिळू शकतात. गेल्या मे महिन्यात एका गावाने ते मागितले. बोअरचे अहवाल मिळाले आहेत, गाळ काही ठिकाणी बारा मीटर आहे. मोऱ्यांच्या मापांचे पत्र अजून यायचे आहे.